गुण म्हणजे पदर

दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेले गुण, पाढे पाठ झाले की येणारा गुणाकार, औषधाने दोन दिवसांत आलेला गुण, लग्नाआधी पत्रिकेत मोजतात ते छत्तीस गुण, देवाचं सगुण आणि निर्गुण रूप. एकच शब्द दिवसभर आपल्या तोंडात असतो आणि त्यात दोरी कुठेही दिसत नाही. पण संस्कृतात ‘गुण’ या शब्दाचा एक जुना, हाताला लागणारा अर्थ आहे: धागा, दोरीचा पदर, दोर. अमरकोशात दोराचे प्रतिशब्द एका ओळीत दिले आहेत. शुल्ब, वराटक, रज्जू, वटी, आणि त्याच रांगेत गुण.

मराठीने या अर्थासाठी ‘पदर’ हा शब्द ठेवला. तीन पदरांची दोरी ती तिपदरी. साडीचा पदर, गोष्टीचे अनेक पदर आणि मुंबई-गोव्याचा चौपदरी महामार्ग हे सगळं त्यातूनच बोललं जातं. मात्र दोरीच्या एका पदरावरून चांगुलपणाला, संख्येच्या वाढीला आणि परीक्षेतल्या यशाला नाव मिळावं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही. त्यासाठी आधी दोरीच्या पोटात काय चालतं ते पाहायला हवं. तिथे जे घडतं ते मला तरी अजून पूर्ण सवयीचं झालेलं नाही.

नारळाच्या सोडणातून निघणारा काथ्याचा तंतू जेमतेम वीतभर लांब. कापसाचा तर तीन सेंटिमीटरच्या आसपास, चिमटीत धरला तर दिसतो न दिसतो. अशा तोकड्या, बोटाने तुटणाऱ्या तंतूंपासून शंभर फुटांचा दोर होतो आणि तो विहिरीतून पाण्याने भरलेली मोट वर आणतो. या शंभर फुटांत एकही तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. डिंक नाही, शिवण नाही, गाठ नाही. मग बैल ओढू लागले की तंतू एकमेकांतून निसटून का जात नाहीत?

हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ १६३८ मध्ये लायडनला छापला गेला. पदार्थांचं बळ आणि वस्तूंची गती यांवरच्या त्या ग्रंथात पहिल्याच दिवसाच्या संवादात दोराची चर्चा येते. दोन-तीन हात लांबीच्या तंतूंचा शंभर हात दोर बळकट कसा होतो, असं विचारलं जातं आणि उत्तर पिळाकडे जातं. पीळ दिला की तंतू एकमेकांभोवती वळसे घेतात. दोर ताणला की ते वळसे आतल्या बाजूला आवळतात आणि तंतू तंतूला दाबतो. दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे जितक्या जोराने ओढावं तितके तंतू एकमेकांना घट्ट धरतात. ओढणाऱ्याचाच जोर दोराच्या कामाला येतो.

वळशाचं हे बळ शेतकऱ्याला नेहमीच माहीत होतं. उधळलेल्या बैलाचा कासरा नुसता हातात धरून ठेवता येत नाही, पण खुंट्याभोवती दोन वेढे घातले की एकटा माणूस त्याला आवरतो. याचं गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. वेढे वाढतात तसं धरण्याचं बळ बेरजेने वाढत नाही, ते पटीने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यात ते सुमारे साडेसहा पट होतं आणि तीन वेढ्यांत सुमारे २८५ पट. पिळलेल्या दोरात प्रत्येक तंतू हेच करत असतो. तो शेजारच्या तंतूंना वेढे घालतो आणि शेजारचे त्याला घालतात. २०१८ मध्ये पॅट्रिक वॉरन, रॉबिन बॉल आणि रेमंड गोल्डस्टीन या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी सुताच्या बळावर शोधनिबंध लिहिला, तेव्हाही प्रश्न जुनाच होता: नुसत्या घर्षणावर कापड टिकतं कसं? त्यांच्या उत्तरातही घर्षण एका मर्यादेपलीकडे पोचलं की सुटे तंतू जणू अचानक एकसंध होतात. त्या क्षणानंतर दोर तुटायचा तर तंतूच तुटावे लागतात, ते नुसते सरकून सुटत नाहीत.

एवढ्यानेही दोर होत नाही. तुम्ही एक सुतळी घ्या आणि दोन्ही टोकांना उलटसुलट पीळ देत राहा. पीळ चांगला भरला की दोन्ही टोकं एकत्र आणा. सुतळी मधोमध दुमडते आणि कोणी हात न लावता स्वतःभोवती गरगर वळते. नीट पाहिलं तर हे वळणं तुम्ही दिलेल्या पिळाच्या उलट दिशेचं असतं. सगळी मेख इथेच आहे. सुट्या धाग्याला दिलेला पीळ हात सोडताच उलगडतो, कारण त्याला सुटायचंच असतं. पण दोन धागे उजवीकडे पिळून त्यांची जोडी डावीकडे वळली, तर धाग्याला सुटण्यासाठी ज्या दिशेला फिरावं लागतं त्याच दिशेने जोडी अधिक आवळते, आणि जोडी सुटू पाहते तेव्हा धागे आवळतात. दोघांची सुटण्याची ओढ एकमेकांना अडवते आणि दोर शांत पडून राहतो.

चांगला दोर म्हणजे हा तोल. पीळ कमी पडला तर तंतू निसटतात. पीळ फार झाला तर तंतू इतके तिरपे पडतात की ओढ त्यांच्या लांबीवर नीट येत नाही आणि बळ उलट घटतं. दोर वळणाऱ्याच्या बोटांना हा टप्पा कळतो. २०११ मध्ये याकोब बोर आणि कास्पर ओल्सेन या डॅनिश शास्त्रज्ञांनी या जुन्या कलेची भूमिती मांडली. दिलेल्या लांबीच्या पदरांना एकमेकांभोवती जास्तीत जास्त किती वेढे बसू शकतात याला एक कमाल मर्यादा आहे, आणि ती दोर कशाचा आहे यावर ठरत नाही असं त्यांनी दाखवलं. काथ्या असो, अंबाडी असो की नायलॉन, भूमिती तीच. कोणी हिशेब न मांडता हजारो वर्षं माणसं या मर्यादेच्या आसपास दोर वळत आली आहेत.

हजारो वर्षं हेही कमीच म्हणायला हवं. फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या आब्री द्यू मारास या खडकाच्या आसऱ्यात एका दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा तुकडा मिळाला. लांबी ६.२ मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. काळ ४१ ते ५२ हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे नियांडरथल माणसांचा. सूचिपर्णी झाडाच्या आतल्या सालीचे तंतू काढून त्यांचे तीन पदर एका दिशेने पिळले होते आणि मग ते तिन्ही एकत्र उलट दिशेने वळले होते. २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्याआधी हाती असलेला सर्वात जुना दोर इस्राएलमधल्या ओहालो इथला, सुमारे १९ हजार वर्षांपूर्वीचा होता. तांदळाच्या दाण्याएवढ्या या एका तुकड्याने माणसाच्या हातातल्या दोरीचं वय दुपटीहून जास्त केलं. आपल्याहून वेगळ्या जातीच्या त्या माणसाला तीन वेगळे पीळ, त्यांची दिशा आणि मग त्यांवरचा उलटा पीळ हे सगळं एकाच वेळी ध्यानात धरता येत होतं. संस्कृतात तीन पदरांच्या दोरीला जो शब्द लागतो तो त्या तुकड्याला तंतोतंत बसतो: त्रिगुण.

आपल्याकडे हे ज्ञान ज्यांच्या हातात होतं त्यांच्याबद्दल इथे बोललंच पाहिजे. अमरकोशातली दोराची ती ओळ शूद्रवर्गात येते. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात दोर वळण्याचं काम परंपरेने मातंग समाजाकडे होतं. अंबाडीची ताटं किंवा घायपाताच्या पात्या पाण्यात कुजवायच्या, झोडून धुऊन वाख काढायचा, तो वाळवून विंचरायचा आणि मग पदर धरून पिळायचा. एकाच वाखातून किती वस्तू निघत! दावणीला बांधायचं दावं, हाकायचा कासरा, नाकातली वेसण, भारे आवळायचं चऱ्हाट, दुधादह्याचं शिंकं. मोटेला तर दोन वेगळे दोर लागत. भार ओढणारा जाड नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. दोन्हींची लांबी अशी बेतलेली असे की मोट वर येताच सोंड आपोआप खाली वळून पाणी थारोळ्यात पडावं. पोळ्याला बैलांच्या अंगावर नवी वेसण, नवा कासरा चढे तोही याच घरांतून आलेला. बदल्यात बलुतं म्हणून धान्य मिळे, आणि राहायला जागा गावकुसाबाहेर. ज्या शब्दाने आपण माणसाच्या चांगुलपणाचं माप घेतो, ती वस्तू तयार करणाऱ्यांना गावाने असं वागवलं. ही गोष्ट बाजूला ठेवून या शब्दाचं कौतुक मला करता येत नाही.

कोकणात वाखाची जागा काथ्याने घेतली. सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून, बडवून काथ्या काढतात आणि त्याचा सुंभ वळतात. खाऱ्या पाण्यात बाकीचे दोर कुजतात, काथ्याचा सुंभ मात्र टिकतो. म्हणून अरबी समुद्रावरची जुनी गलबतं खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने शिवलेली असत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण याच दोरावरून आली आणि ती डोळ्यांनी पाहून आलेली आहे. न हलवता जाळलेल्या सुंभाची राख काही वेळ तशीच पडून राहते आणि तिच्यात प्रत्येक वळसा दिसतो.

आता पुन्हा गुणाकडे. हितोपदेशात एक सुभाषित आहे. गवताच्या काड्यांनी मस्त हत्ती बांधता येतो, असा त्याचा आशय. काडी काडीच राहिली तर हे होणार नाही, तिला ‘गुणत्व’ आलं पाहिजे, म्हणजे तिची दोरी झाली पाहिजे. या एका शब्दात दोन्ही अर्थ एकमेकांत वळलेले आहेत. गवताला गुण आला म्हणजे ते पिळलं गेलं, आणि पिळलं गेलं म्हणूनच ते गुणाचं झालं. कवींनी या द्व्यर्थावर शतकानुशतकं श्लेष केले, कारण धनुष्याच्या दोरीलाही गुणच म्हणतात आणि मोत्यांच्या माळेतला धागाही गुणच.

धनुष्याची ही दोरी बरीच दूर गेली. ती मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या तंतूंची असे म्हणून तिला मौर्वी म्हणत. धर्मशास्त्रात उपनयनाच्या मेखलेचे प्रकार सांगितले आहेत. ब्राह्मणाच्या मुलाला मुंज गवताची तिपदरी मेखला, क्षत्रियाच्या मुलाला मूर्वेची धनुष्याची दोरी, वैश्याच्या मुलाला तागाची. मराठीने त्या गवतावरूनच संस्काराला ‘मुंज’ म्हटलं. कमरेला बांधलेल्या गवताच्या दोरीने पूर्ण सोहळ्याला नाव दिलं. जानवंही पिळाचंच काम आहे. तीन तंतू एकत्र पिळून एक पदर, असे तीन पदर पुन्हा एकत्र पिळून नऊ तंतूंचा दोरा.

धनुष्याच्या दोरीचं आणखी एक नाव ज्या, किंवा जीवा. शाळेत वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला आपण जीवा म्हणतो, कारण वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि ती रेषा त्याची दोरी. इ.स. ४९९च्या सुमारास आर्यभटाने अर्ध्या जीवांच्या चोवीस मूल्यांमधले फरक दिले. हे गणित अरबांकडे गेलं तेव्हा जीवेचं ‘जिबा’ झालं. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून तो शब्द पुढे कोणी तरी ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीशी पडणारा खोलगट भाग. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द घातला आणि तिथून आजचा ‘साइन’ आला. कॅलक्युलेटरवर साइनचं बटण दाबणारा विद्यार्थी धनुष्याच्या दोरीलाच हात लावत असतो. हिंदीत खिशाला जेब म्हणतात तो शब्दही त्या अरबी जैबचाच.

शुल्ब हा दोराचा दुसरा शब्द तर एका शास्त्राचं नावच झाला. यज्ञवेदी आखण्यासाठी खुंट्या आणि दोर कसे वापरायचे ते सांगणारी शुल्बसूत्रं. त्यांतल्या बौधायनाच्या सूत्रात आयताच्या कर्णावर ताणलेला दोर दोन्ही बाजूंच्या वर्गांएवढं क्षेत्र निर्माण करतो असं सांगितलं आहे. २ च्या वर्गमुळाची तिथली किंमत अपूर्णांकात मांडली तर ५७७/४०८ येते, जी दशांश चिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत बरोबर आहे.

गुणाकाराचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. एक दोर दुमडला की दोन पदर होतात, द्विगुण. पुन्हा दुमडला की चतुर्गुण. दोर दुमडणं आणि संख्या वाढवणं हातांना एकच वाटतं, म्हणून जिथे कशाची तरी वाढ पटीने होते तिथे गुण आला. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत जिला गुणायचं ती संख्या गुण्य आणि जिने गुणायचं ती गुणक. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळ पाटणला मठ स्थापला. त्याची नोंद करणारा १२०७ चा शिलालेख तिथल्या मंदिरात आहे. श्लोकातून संख्या सांगताना हे गणिती अंकांऐवजी वस्तूंची नावं वापरत. डोळे म्हणजे २, वेद म्हणजे ४. गुण म्हणजे ३.

तीनच का, याचं उत्तर सांख्य दर्शनात मिळतं. सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण आपण स्वभावाचे तीन रंग असल्यासारखे बोलतो. सांख्यांना मात्र ते कशाच्या तरी अंगचे धर्म वाटत नव्हते. प्रकृती ज्यांची बनली आहे ते हे तीन पदर. एकटा सत्त्व कुठे सापडत नाही, एकटा तमही सापडत नाही. तिघे एकमेकांना दाबतात, एकमेकांचा आधार घेतात, एकमेकांना हलवतात, आणि त्यातून जे काही दिसतं ते घडतं. सोळाव्या शतकातल्या विज्ञानभिक्षूने तर उघडच सांगितलं की यांना गुण म्हणतात, कारण पुरुषाला, म्हणजे आत्म्याला, जनावरासारखं बांधणारा दोर यांचाच वळलेला असतो. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही हे तीन गुण देहात राहणाऱ्याला बांधतात, असंच म्हटलं आहे. निर्गुण या शब्दाकडे या वाटेने पाहिलं तर त्याचा अर्थ किती मोकळा होतो. ज्याला पदरच नाहीत त्याला कशाने बांधणार?

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र कोशात सापडत नाही, ती आपल्या अंगात आहे. जुन्या काळी धनुष्याची दोरी वनस्पतींची असे तशी जनावराच्या स्नायूंची, म्हणजे आज आपण कंडरा म्हणतो त्यांचीही असे. स्नायू हाडाला जोडणारी ही पांढरी, चिवट दोरी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची बनते. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा. त्वचा, हाडं, कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे तेच. १९५२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले आणि त्यांनी तिथल्या तरुण प्राध्यापकाला, जी. एन. रामचंद्रन यांना सांगितलं की या प्रथिनाची रचना अजून कोणालाच उलगडलेली नाही. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी क्ष-किरणांची चित्रं घेऊन १९५४ मध्ये आपलं उत्तर ‘नेचर’मध्ये छापलं. तीन साखळ्या, शेजारी शेजारी समांतर.

हे जवळजवळ बरोबर होतं. तीन पदर सापडले होते, पण ते एकमेकांभोवती वळलेले नव्हते आणि चित्रांतल्या काही खुणा त्यामुळे जुळत नव्हत्या. १९५५ मध्ये दोघांनी आपली रचना सुधारली आणि तिन्ही साखळ्यांना एकाच अक्षाभोवती पीळ दिला. आज आपल्याला माहीत आहे की कोलॅजेनची प्रत्येक साखळी स्वतः डाव्या वळणाची असते आणि तिन्ही मिळून उजवीकडे वळतात. अशा असंख्य तिपदरी दोऱ्या शेजारी शेजारी बसून सूक्ष्म तंतू होतो, त्या तंतूंचे जुडगे होतात आणि जुडग्यांची कंडरा होते.